डॉक्टरांच्या कानातला कापूस

आमचे घरमालक डॉक्टर होते, आणि त्यांच्याकडे औषधाला गेलेला माणूस बरेचदा औषध न घेताच परत यायचा. त्यांच्या हाताला गुण नव्हता असं नाही. त्यांची पद्धतच तशी होती. ओसरीवर हातांची एक खुर्ची आणि एक लाकडी स्टूल समोरासमोर मांडलेलं असे. रोग्याला तपासून झालं, की डॉक्टर आधी खुर्चीवर बसत आणि औषधाच्या बाजूने बोलत. हे घेतलंत तर ताप उतरेल, अंग हलकं होईल, भूक लागेल. रोग्याचा चेहरा खुलायचा. मग डॉक्टर उठून स्टुलावर बसत, घसा साफ करत आणि म्हणत, "आता मी विरुद्ध बाजूचा." आणि पोट बिघडेल, कान वाजतील, अंगावर पुरळ उठेल, असं एकेक सांगायला लागत. सगळं सांगून झालं की उभे राहत. "बोला, काय करायचं? अंग तुमचं आहे."

चिंचवड गावठाणातल्या माणसांना हे झेपायचं नाही. साध्या खोकल्यासाठी आलेला एक शेतकरी हात जोडून म्हणाला होता, "डाक्टर, तुमी आधी तुमच्यातुमच्यात मिटवा. मी उद्याच्याला येतो." तो पुन्हा आला नाही. डॉक्टरांना त्याचं वाईट वाटलं नाही. खोकला आपोआप जाणारा होता, असं ते म्हणाले.

मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा पन्नासचं दशक अर्धं उलटलं होतं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि हे त्यात कामाला लागले होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे सासर. माझं माहेर चाकणचं. डॉक्टरांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. राहायला हे, मी आणि सासूबाई. ह्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आता रागवायला कोणी उरलेलं नाही, पण हात वळत नाही.

डॉक्टर रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. धोतरावर काळा कोट, आणि भर वैशाखातही डोक्याला लोकरी मफलर. त्यांना अर्धशिशी होती. अर्धं डोकं असं दुखायचं, की बोलता बोलता डोळा मिटून भिंतीला टेकायचे. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, स्वयंपाक स्वतःच करायचे. भाजीत मीठ घालताना सुद्धा मोठ्याने दोन्ही बाजू मांडायचे, हे मी मागच्या खिडकीतून ऐकलेलं आहे.

पण गावात त्यांची ख्याती होती ती निराळ्याच गोष्टीमुळे. डॉक्टर रोज दुपार कलली की बाहेरच्या ओट्यावर येऊन बसत, चांदीच्या चमच्यावर भांगेची हिरवी गोळी ठेवत आणि रस्त्याने चार माणसं जात असताना ती दुधाबरोबर गिळत. दारूबंदीचे दिवस होते, भांग-गांजाही त्याच बंदीत आलेला. डॉक्टरांकडे औषधापुरता परवाना होता. तो त्यांनी चौकटीत घालून ओसरीवर गजाननाच्या तसबिरीशेजारी टांगला होता. नमस्काराला आलेली म्हातारी माणसं घाईघाईत त्यालाही हात जोडून जात.

आम्हाला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. हे कारखान्यातून सायकलवर यायचे तेव्हा बरोबरचे लोक विचारायचे, "तुम्ही त्या भांगवाल्या डॉक्टरांकडे राहता ना?" हे औषधाच्या कारखान्यातले, पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या धुणारे, आणि घरमालक असा. ह्यांनी दुसरी जागा शोधायला सुरुवातही केली होती. मी कोपऱ्यावरच्या विहिरीवर गेले की बायका गप्प व्हायच्या. त्या कशाबद्दल गप्प झाल्या ते मला न सांगता कळायचं.

एकदा मी धीर करून डॉक्टरांना म्हटलं, "घरात बसून घेतलीत तर नाही का चालणार?" ते म्हणाले, "सूनबाई, आत बसून घेतली की ते व्यसन. बाहेर बसून घेतली की औषध. माझ्यात आणि बैराग्यात एवढाच काय तो फरक आहे, तो मी सोडणार नाही." आणि वर म्हणाले, "उद्या माझा तोल गेलेला दिसला, तर गावानं मला तोंडावर सांगावं म्हणून मी इथे बसतो."

त्यांचा तोल गेलेला मी कधी पाहिला नाही. पण भांगेने काय काय होतं हे ते कोणापासून लपवत नसत. ते लपवता येण्यासारखंही नव्हतं, कारण सखाराम दर आठवड्याला दारात यायचा.

सखाराम तळवड्याचा, रेल्वेत गँगमन होता. फार वर्षांपूर्वी पायात लोखंड घुसून त्याला धनुर्वात झाला. अंग धनुष्यासारखं वाकायचं, दातखीळ बसलेली. तेव्हा डॉक्टर नोकरीत होते. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी त्याला गांजाचा धूर दिला, दिवसदिवस उशाशी बसून दिला. अंगाचे झटके सैल पडत गेले आणि माणूस वाचला. पण वाचला तो चिलीम घेऊनच. नोकरी गेली, शेताचा तुकडा भावांनी सांभाळला, आणि सखाराम पवनेच्या घाटावर बैराग्यांत बसायला लागला. तो आला की डॉक्टर हातातलं काम टाकून उठून उभे राहायचे. रोगी असो, मामलेदार असो, बोलणं तिथेच थांबायचं. सखाराम ओट्याखाली बसून दोन्ही हातांनी नमस्कार करायचा. "डाक्टर, तुमी न्हवता तर मी बी नसतो." डॉक्टर नुसते उभे असायचे. एकदा त्याची बायको त्याला शोधत आली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "जगला खरा. पण माझा न्हाई राह्यला." तिने ते रागाने म्हटलं नाही, हे जास्त वाईट होतं. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

आणि त्याच वर्षी आमच्या घरात सासूबाई आजारी पडल्या.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर त्या फार जुन्या वळणाच्या. मोजकं बोलायच्या. परक्या पुरुषाशी तर थेट कधीच नाही. तो समोर उभा असला तरी त्या दाराआडून मला सांगायच्या, "त्यांना विचार." मी विचारायचं, तो उत्तर द्यायचा, ते त्यांनी ऐकलेलं असायचं, तरी मी पुन्हा सांगायचं. डॉक्टर आणि त्या एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होते, पण त्यांच्यात एक शब्द सरळ गेलेला नव्हता. सासरे जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. त्यांचा उल्लेख त्या "हे होते तेव्हा" एवढाच करायच्या. ज्या महिन्याच्या नावात सासऱ्यांच्या नावाचा भास होता, तो महिनाही त्या "पुढचा" नाहीतर "मागचा" म्हणून भागवायच्या. तोच महिना चालू असला की मग पंचाईत व्हायची.

त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. पण खाणंच तर राहत नव्हतं. पेज घेतली की उलटून पडायची. नुसतं पाणी सुद्धा. ह्यांनी कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना विचारलं. ते चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, आपण इथे जे करतो ते जंतूंवर चालतं, यावर नाही. हे घरी येऊन सायकल भिंतीला लावून तिथेच उभे राहिले. औषधाच्या कारखान्यातला माणूस आईसाठी काही आणू शकत नाही, याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टर स्वतःहून काही बोलले नव्हते. मीच एक दिवस ओसरीवर गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ ना खुर्चीवर बसले ना स्टुलावर. मग म्हणाले, "एक आहे. पण तुमच्या घराला ते रुचणार नाही."

त्यांच्याकडे गांजाचा अर्कही होता, बाटलीत. सासूबाईंनी दाराआडून विचारायला लावलं, तो कशात केलेला? डॉक्टर म्हणाले, मद्यार्कात. ते तिथेच संपलं. भांगेचं मात्र त्यांना वावडं नव्हतं. शिवरात्रीला त्यांच्या गावी देवळात वाटायचे, लहानपणी घेतलेली होती. "तो महादेवाचा प्रसाद," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, तेवढं चालेल." डॉक्टरांनी पाला तुपात मंद शिजवला, खडीसाखर, बडीशेप घालून गोळ्या केल्या. त्यातली एक आदल्या दिवशी स्वतः घेतली. कुठलंही नवं औषध ते आधी स्वतः घेत. मग मला दोन गोळ्या दिल्या, एक आजची, एक उद्याची. "लगेच काही होणार नाही," ते म्हणाले, "ही सावकाश चढते. वाट पाहायची."

मी ते सासूबाईंना सांगितलं. पण प्रसादाला वाट कसली पाहायची? त्यांनी एक घेतली. काही होईना. पोटातली कळ तशीच. तेव्हा त्यांनी फळीवरची उद्याची गोळी उचलून तीही घेतली. प्रसाद जास्त झाल्याचं कोणी ऐकलं आहे? मी तेव्हा मागे धुणं वाळत घालत होते. मला हे त्यांनीच नंतर सांगितलं.

आणि नेमके त्याच दुपारी माझे वडील आले. चाकणहून भोसरीपर्यंत मोटारीने आणि पुढे पायी, खांद्यावर कांद्यांचं गाठोडं. विहीणबाई आजारी म्हणून समाचाराला आलेले. रविवार होता, हे घरी होते. वडील बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले, पागोटं मांडीवर घेतलं. सासूबाई आतल्या खोलीत, मध्ये पडदा. मी चहाचं आधण ठेवलं.

आतून आवाज आला, "भाकरी आहे का गं?"

मला खरं वाटेना. मी दुधात कुस्करून भाकरी नेली. त्यांनी ती सगळी खाल्ली आणि अजून मागितली. खाल्लेलं राहिलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील म्हणाले, "चांगलं झालं. अन्न लागलं म्हंजी माणूस उठतंय." आम्ही तिघं क्षणभर फार आनंदात होतो.

मग सासूबाई हसायला लागल्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलंच नव्हतं. तो आवाज त्यांचा वाटेना, एखाद्या लहान मुलीचा वाटत होता. आणि हसता हसता त्यांनी हाक मारली. सासऱ्यांच्या नावाने, खणखणीत. "ए," म्हणून पुढे नाव, आणि पुढे, "ये की रे जेवायला. किती वेळ चिंचेखाली बसतोस?"

ते नाव मी इथे लिहीत नाही. सून आहे मी.

बाहेर कोणी हललं नाही. आतून पुन्हा हाक आली, पुन्हा तेच नाव, पुन्हा अरे-तुरे. मुलाने आपल्या वडिलांचं नाव आईच्या तोंडून असं ऐकलं. तेही व्याह्यांच्या समोर. ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं जमिनीत गडप व्हावं. आत जाऊन त्यांचं तोंड दाबायला माझा हात धजेना आणि बाहेर वडिलांकडे बघवेना. आधण उकळून उकळून आटलं.

वडिलांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि चहाला न थांबता उठले. दारापर्यंत मी गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजारी माणूस हाय, पोरी. आमी काय ऐकलं न्हाई." आणि कांद्यांचं रिकामं फडकं खांद्यावर टाकून भोसरीच्या वाटेला लागले.

भांग उतरली की माणूस विसरतो म्हणतात. सासूबाई काही विसरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला आणि ह्यांच्यासमोरही तोंड दाखवेनात, पोटच्या मुलासमोर. मला एवढंच म्हणाल्या, "ते औषध आता नको. त्यांना सांग."

उलट्या पुन्हा सुरू झाल्या. पेज गेली, पाणी गेलं. रात्रंदिवस त्या गुडघे पोटाशी घेऊन पडायच्या आणि कण्हायचा आवाज सुद्धा पदरात दाबायच्या. हे डॉक्टरांवर चिडले होते. "आमच्या घराची शोभा करून ठेवली," असं मला म्हणाले, ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. डॉक्टरांनी ऐकलं असणार. कारण थोड्या वेळाने ते खुर्ची एका हातात आणि स्टूल दुसऱ्या हातात घेऊन आमच्या दारात आले. पडद्यासमोर दोन्ही मांडलं. हे उठून बाहेर निघून गेले.

डॉक्टर खुर्चीवर बसले. "अन्न पोटात राहील. कळ जाणार नाही, पण लांब गेल्यासारखी वाटेल. झोप लागेल." मग स्टुलावर बसले. "गाठ आहे तशीच राहील, हे आधी सांगतो. छाती धडधडेल. उठताना तोल जाईल. कधी उगीच भीती वाटेल. एकच गोळी घेतली तर परवाएवढं होणार नाही, पण जिभेवरचा ताबा थोडा जाईलच. आणि जन्मभर जपलेलं एकदा गेलं, की ते परत आणायचं औषध माझ्याजवळ नाही."

 मग सासूबाई म्हणाल्या, "त्यांना विचार, त्यांच्या घरातलं माणूस असतं तर त्यांनी काय केलं असतं?"

मी विचारलं. डॉक्टर स्टुलावरून उठले आणि पुन्हा खुर्चीवर बसायला गेले, पण बसले नाहीत. "त्यांना सांगा, ते मला विचारू नका," ते म्हणाले. "माझा एकदा चुकलेला आहे निर्णय." मला वाटलं, ते सखारामबद्दलच बोलताहेत.

सासूबाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून सांगितलं, की त्या घेतील, पण मुलगा घरात नसताना. दार लावून. आत फक्त मी. "तू बाईमाणूस आहेस, तू ऐकलंस तर ऐकलंस." मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सगळं मान्य, पण छाती धडधडते त्या बाईची, मी हाकेच्या अंतरावर पाहिजे. आता हाकेच्या अंतरावर म्हणजे ऐकू येण्याच्या अंतरावर. यावर सासूबाई पुन्हा नको म्हणायला लागल्या. तेव्हा डॉक्टरांनी तोडगा काढला.

हे कामावर गेले की मी गोळी द्यायची आणि दार लावून घ्यायचं. डॉक्टर स्टूल घेऊन आमच्या दाराबाहेर बसायचे, दाराकडे पाठ करून, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, आणि वरून मफलर घट्ट बांधून. काही लागलं तर मी बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा. जाणारे-येणारे विचारायचे, "डॉक्टर, कान दुखतोय का?" ते कसे ऐकणार? कोणी समोर येऊन हातवारे केले तर मोठ्याने ओरडून सांगायचे, "ऐकायचं नाहीये." गावाने ठरवलं की भांगेने अखेर डोक्यावर परिणाम झाला. त्यांच्याकडे उरलेसुरले रोगी येत होते तेही थांबले. आणि ज्या माणसाची लाज आम्ही वर्षभर बाळगली, तो आमची लाज राखायला उन्हात बहिरा होऊन बसला होता. मला त्यांच्या खांद्याला हात लावायची सुद्धा लाज वाटायची.

आत सासूबाई भाकरीचा कोर खायच्या आणि बोलायच्या. सासऱ्यांशीच. विहिरीची मोट, चिंचेचं झाड, पहिला मुलगा गेला तेव्हा दोघं कुठे बसून रडली, असलं काय काय. प्रत्येक दुसऱ्या वाक्याला नाव. मी खाली मान घालून तांदूळ निवडत बसायची. सुरुवातीला कानांवर हात ठेवावेसे वाटायचे, मग सवय झाली. दिवस कलताना त्या गप्प व्हायच्या आणि पदर पुन्हा कपाळावर यायचा. "फार बोलले का गं?" असं विचारायच्या. मी म्हणायची, "नाही, झोपलाच होतात." दोघींनाही ते खोटं ठाऊक होतं. भांगेने बोलायला लावलं, एवढी एक आडोशाची जागा होती, तिच्यामागे आम्ही दोघी उभ्या होतो.

थंडी पडायला लागली तसं खाणंही सुटत चाललं. एक दिवस मी गोळी त्यांच्या उशाशी ठेवली, दार लावलं आणि चुलीपाशी वळले. बऱ्याच वेळाने त्या बोलायला लागल्या. नाव घेतलं, हळू, नेहमीसारखी हाक. मी पाणी द्यायला गेले आणि पाहिलं तर गोळी उशाशी जशीच्या तशी होती.

"आई," मी म्हटलं, "गोळी राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आज नको वाटली." आणि थोडं थांबून, "कालही नव्हती घेतली. डॉक्टरांचा कापूस असू दे मात्र."

मी आले तशी मागे फिरले. आजवर जे ऐकलं ते आजाऱ्याचं बोलणं होतं, त्याला कान देणं चालत होतं. हे एका बाईचं तिच्या नवऱ्याशी बोलणं होतं, आणि मी मध्येच खोलीत उभी होते. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी चुलीकडे तोंड करून बसून राहिले. बाहेर डॉक्टर पाठ करून बसले होते. त्या जाईपर्यंत रोज असंच चाललं. गोळ्या मी तुळशीपाशी पुरल्या.

दिवसपाणी उरकलं आणि सखारामने आणून दिलेल्या झेंडूच्या माळा वाळल्या तशी डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावलं. हे डॉक्टरांशी बोलत नव्हते, म्हणून मला. ते स्टुलावर बसले होते आणि नजर वर करत नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना महिनाभर जेवता आलं हे खरं. पण ज्या बाईनं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तिच्या तोंडून मी ते रोज वदवलं. त्याचं काय करायचं, मला कळत नाही. मला फार शरम वाटते."

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होते. सासूबाईंचं गुपित होतं ते. पण हा माणूस कानात कापूस घालून बसला होता, आणि त्यामुळेच त्याला काही कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "शेवटचे दिवस त्यांनी तुमची गोळी घेतलीच नाही. शुद्धीवर होत्या. आपणहून घेत होत्या नाव."

डॉक्टरांनी मान वर केली. "कसं?" ते म्हणाले. "हाक मारल्यासारखं, की आठवण काढल्यासारखं?"

"हाक मारल्यासारखं."

डॉक्टरांनी नजर पुन्हा खाली घातली. मग म्हणाले, "आमच्या घरात हाच आजार होता. पोटातच. चार महिने अन्न राहिलं नाही तिचं. पाला माझ्या कपाटात होता. कसा शिजवायचा ते मला माहीत होतं."

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"डॉक्टरांच्या बायकोला भांग देतात, असं लोक म्हणाले असते," ते म्हणाले. "तिनं एकदा मागितलीही होती. मी तिला म्हटलं, असलं आपल्या घरात शोभत नाही."

सखाराम खाली ओट्याशी येऊन नमस्कार करत उभा होता. डॉक्टरांना तो दिसलाही नाही. "तुम्ही आता आत जा, सूनबाई," ते म्हणाले. "तुमच्यासमोर मला तोंड वर करवत नाही."